खायची वांगी, विकायची वांगी

साठी ओलांडलेल्या बायका देवदर्शनाला जातात, नाहीतर परदेशी नातवंडांकडे. मी वांगी बघायला नांदेडला गेले. दोष शालिनीचा.

शालिनी आणि मी छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं एका बाकावर काढली. रोज प्रार्थनेनंतर सिस्टर आमची नखं तपासायच्या आणि शालिनीच्या नखांत रोज माती निघायची. तीच शालिनी आता नांदेड जिल्ह्यात गावोगाव फिरून भाजी पिकवणाऱ्या बायकांना शिकवते. तोडणीआधी हात धुवा. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरू नका. फवारल्यावर डब्यावर लिहिलेत तितके दिवस भाजी तोडू नका. शिवाय बायकांची नखं तपासते! सिस्टर असत्या तर हसून हसून खाली बसल्या असत्या.

"ये," ती फोनवर म्हणाली. "लातूरचा एक मेसवाला माझ्या बायकांची वांगी बघायला येतोय. पसंत पडली तर आठवड्यातून तीनदा माल उचलेल, वर्षभर. त्यांच्यातल्या कमलला अडतीवर हात जोडून उभं राहायला नको."

मी बॅग भरली.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा. मे महिन्यात जायचंच असेल तर आधी मृत्युपत्र करा. दुपारची रेल्वे संध्याकाळी नांदेडला पोचली. सकाळी शालिनीबरोबर स्टँडवर इडली खाऊन कंधारची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, पन्नास रुपयांच्या आत. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच अर्धं तिकीट काढत होते, त्यामुळे खिडकीची जागा मिळावी म्हणून भांडलेही. रस्ता बराच चांगला आहे. जिथे नाही तिथे तुमच्या मणक्यांची मोजदाद फुकट होते. कंधारचा किल्ला मात्र चुकवू नका. आम्ही चुकवला, कारण शालिनीला उशीर सहन होत नाही. पुढे रिक्षाने गाव.

कमलबाईंचं घर रस्त्यालाच. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली दिनदर्शिका. तिच्यावर लाल नेलपॉलिशचे ठिपके. फवारणीच्या दिवशी ठिपका द्यायचा, ही शालिनीची युक्ती. "पेन वेळेला सापडत नाही," ती म्हणाली, "सुनेची नेलपॉलिश सापडते." शेवटचा ठिपका परवाचा होता.

शालिनी आत नखं तपासत बसली, म्हणून मी मागच्या मळ्यात गेले. काय वांगी होती! जांभळी, चकचकीत, आरशासारखी. मला लहानपणापासून कोवळं वांगं कच्चं खायची खोड आहे. एक तोडून तोंडाकडे नेलं तोच मनगटावर फाडकन चापट बसली.

कमलबाईंच्या सासूबाई. सगळे त्यांना आजी म्हणतात. वय विचारू नये असं, हात मात्र तरुण.

"फेका ते! इकायचं हाय ते!"

"मी पैसे देते ना, आजी."

"पैशाचं न्हाई ओ. परवाच फवारलंय. खायची तिकडं, कुंपनापाशी. चार वळी घरच्या."

मी हसले. बावळटासारखी हसले आणि आत जाऊन कुणाला काही सांगितलं नाही.

दुपारी सलीमभाई आले, लातूरच्या मेसचे मालक. शिकवण्यांसाठी आलेल्या मुली त्यांच्याकडे जेवतात, त्यांची स्वतःची मुलगीही त्यांच्यातच. त्यांनी क्रेट पाहिले, हात धुवायची जागा पाहिली, दिनदर्शिकेचे ठिपके पाहून मान डोलावली. मग जेवण. भाकरी, ठेचा आणि भरलेली वांगी. सलीमभाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"लई खूब, बहेनजी. बस, पक्कं. याच झाडांची वांगी उद्यापासून पाठवा."

आजी माझ्याकडे बघत होत्या. मी भाकरीकडे बघत होते. खोटं बोलू नये हे सिस्टरांनी शिकवलं होतं. दुसऱ्याच्या घरी जेवताना खरं बोलावं की नाही, तेवढं राहिलं होतं.

कमलबाईंनी वाढायचा पळा खाली ठेवला.

"भाई, ही घरची हायत. इकायची येगळी. ती परवा फवारलीत."

"अन् ती तोडायची कधी?"

"उद्या. अडतीवर चकाकी लागती, दिवस मोजत बसलं की जून होत्यात."

शालिनीचा घास हातातच राहिला. "कमल! मी हे शिकवलं तुला?"

"तुमीच तर!" कमलबाई खरंच दुखावल्या. "फवारलेलं पोटात जाऊ देऊ नका म्हनलात. न्हाई जाऊ दिलं. तुमी शिकवल्यावरच घरच्या वळी येगळ्या केल्या. त्याआधी सगळं एकच होतं, आमी बी तेच खायचो."

शालिनीला मी नखांवरून ओरडा खाताना पाहिलं आहे. असा चेहरा तेव्हाही नव्हता.

सलीमभाईंनी हात धुतले. "तुम्ही गप बसला असता तर मी माल नेला असता. माझी पोरगी तेच खाती, बहेनजी." मग मळ्याकडे बघून म्हणाले, "डब्यावरचे दिवस भरले की, आठ दिवसांनी येतो. कुठली वळ तोडायची ते मी सांगेन. पहिला घास तुमचा."

"तवर ही जून होतील," आजी पुटपुटल्या.

"होऊ द्या," कमलबाई म्हणाल्या आणि पळा उचलला.

तिसऱ्या दिवशी एकटीच अहमदपूरमार्गे लातूरला गेले, कारण मला ती मेस बघायची होती. मुली पुस्तकं मांडीवर उघडून जेवत होत्या, ताटात काय आहे हे न बघता. आम्हीही तशाच जेवायचो. भाजी कुठून आली हे विचारायचं वय कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर मी नेहमीच्या भाजीवाल्याला विचारलं, "तुम्ही घरी हीच खाता?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी कोथिंबीर फुकट मागायचीसुद्धा विसरले.

नवव्या दिवशी शालिनीचा व्हिडिओ फोन आला. मळ्यात सलीमभाई उभे होते. बांधावर जून वांग्यांचा ढीग पडला होता, आणि कमलबाई मधल्या ओळीतलं कोवळं वांगं तोडून खात होत्या. सलीमभाईंनी क्रेट पुढे सरकवला. मग पडदाभर आजींचं तोंड आलं, तेही चघळत असलेलं.

"कुठं हाय ती चोरटी बाई? म्हनावं, ये आता. कुठल्याबी वळीतलं तोड. हातावर न्हाई मारायची."