ओल्या चुन्यातला ठसा

"पूछो इसको, ये किसका पाँव है."

साहेब माझ्याकडं बघून बोलले. बोट मात्र हौदाच्या काठावर उभ्या असलेल्या मजुराकडं होतं.

काठावर चुन्याचा नवा थर होता. कालच घातलेला, अजून ओला. त्यात एक ठसा रुतला होता. बुटाचा. टाचेचा चौकोन वेगळा दिसत होता, पुढं तळव्याच्या आडव्या रेघा. आणि तो मजूर अनवाणी होता. हातात भिजवलेलं गोणपाट, त्यातनं पाणी ठिबकत होतं त्याच्याच पायांवर.

मी विचारलं, "मामा, साहेब विचारतायत, हा पाय कुणाचा?"

"माझाच हाय, मॅडम. चुकलं."

तो मामा म्हणजे माझा बाप. माझे अप्पा.

हे बागेत कुणाला माहीत नव्हतं. माहीत होऊ नये म्हणून मी सात महिने रोज भीत होते.

बिदरची ही जुनी बाग एका ट्रस्टनं दुरुस्तीला घेतली. काम चांगलं होतं, ते मी आजही नाकारत नाही. काटेरी झुडपांनी गिळलेला हौद मोकळा झाला, पाण्याच्या जुन्या नाल्या सापडल्या. अप्पा ट्रस्टच्या आधीपासून तिथं रोजंदारीवर होते. आमच्या घरातली मेंढरं कधीच संपली होती. आमच्या गावाहून, कमठाण्याहून, पहिल्या बसनं जायचं, दिवसभर खुरपायचं, असं त्यांचं चाललं होतं. ट्रस्टच्या गवंड्यानं त्यांना चुन्याचं काम शिकवलं. चुना घातला की गोणपाट टाकून ओला ठेवायचा, उन्हात तडकू द्यायचा नाही. अप्पा त्या चुन्याला नव्या कोकराला जपावं तसं जपायचे.

मी घरातली पहिली पदवीधर. ट्रस्टला हजेरी घ्यायला आणि मजुरांशी बोलायला माणूस हवा होता. कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही येणारा. मुलाखतीत ट्रस्टचे साहेब म्हणाले, "मजुरांच्या घरचं कुणी ऑफिसात नको. हजेरी ज्याच्या हातात, तो आपल्या माणसाचं बघणार." मग विचारलं, "वडील काय करतात?"

"शेती," मी म्हणाले.

आमच्याकडं शेत नाही.

घरी आल्यावर अप्पा हसले. "बरं केलंस. बागेत मी तुजा कुनी न्हाई. तू मॅडम, मी मजूर." मी त्यांना मामा म्हणायचं, बाकीच्या वयस्कर मजुरांना म्हणते तसंच, हे ठरलं. आई चुलीपुढं बसून भडकली. "माज्या भावाच्या जागी बसवलीस व्हय गं बापाला?" अप्पांना मजा वाटायची. जेवताना ताट पुढं करायचे, "मॅडम, आजून एक भाकर मांडा की हजेरीला!"

त्यांना मजा होती. मला नव्हती. ते पहिल्या बसनं जायचे, मी दुसऱ्या. आमचे डबे एकाच साडीच्या फडक्यात बांधलेले, म्हणून मी माझा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायला लागले. साहेबांनी नुसती हाक मारली तरी वाटायचं, कळलं यांना. एकदा अप्पांची बस उशिरा आली. त्यांच्याबरोबर अजून एक जण उशिरा आला. त्याला मी पूर्ण दिवस मांडला. अप्पांना अर्धा. कुणाला संशय नको म्हणून. संध्याकाळी अंगणात पाय धुता धुता म्हणाले, "बेस केलंस. न्हाईतर वळखले असते." मला त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही.

आता ठशाकडं येते.

त्या दिवशी देणगीदार पाहुणे आले होते. चुन्याच्या कडेनं दोरी बांधलेली होती, तिला लाल चिंध्या. एका पाहुण्यानं दोरी ओलांडली. हौदाचा फोटो काढायला. मी दहा पावलांवर उभी होते. मी बघितलं. तोंड उघडलं नाही. अप्पा चिंचेखाली पाणी भरत होते, त्यांनीही बघितलं. ते गोणपाट घेऊन पळत आले, तोवर बूट रुतून निघालाही होता. पाहुणा पायरीवर चढून बुटाचा चुना झाडत होता.

साहेबांना ते दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनी बघितलं नाही, एवढंच.

अप्पांना हिंदी येते. बिदरच्या बाजारात आयुष्य गेलंय त्यांचं, माझ्यापेक्षा झकास बोलतात. साहेबांनाही हे ठाऊक होतं. पण साहेब मजुराशी थेट बोलत नसत. मधे मी लागायचे. मी म्हणजे साहेब आणि मजूर यांच्यामधली काठी. लांबून ढोसायला.

अप्पांनी "माझाच" म्हणताना एकदा माझ्याकडं बघितलं. मला कळलं. त्यांनी पाहुण्याचं नाव घेतलं असतं तर ते हिंदीत मला सांगावं लागलं असतं. साहेबांपुढं, पाहुण्यांपुढं. त्यातनं त्यांनी मला वाचवलं.

मी साहेबांना सांगितलं, "बोल रहे हैं, मेरा ही है."

साहेब पाहुण्यांकडं वळले आणि हसून म्हणाले, "इन लोगों को बाग क्या मालूम. कल तक भेड़ चराते थे." मग मला, "बोलो इसको, मेहमानों से माफी माँगे. हाथ जोड़के."

मी म्हणाले, "मामा, साहेब म्हणतायत, जपून काम करा. पाहुण्यांना हात जोडा."

अप्पांनी दोन्ही ऐकलं. साहेबांचं बी आणि माझं बी.

त्यांनी गोणपाट खाली ठेवलं. ओले हात जोडले. ज्याचा बूट होता त्यालाही.

तो पाहुणा म्हणाला, "इट्स ओके."

मग साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. बाहेर पायरीवर अप्पा उभे. साहेबांनी कागद पुढं सरकवला. लिही म्हणाले, मराठीत. माझ्या निष्काळजीपणामुळं काम खराब झालं. उद्यापासून येणार नाही. माझी कुणावर तक्रार नाही. "अँगूठा लो. नीचे तुम्हारा साइन, गवाह का."

मी पेन घेतलं. माझी सही छोटी होती तिथं. एक अक्षर आणि आडनाव. मधलं बापाचं नाव मी सात महिने खाल्लं होतं. हजेरी वहीत मजुरांची नुसती नावं असायची, म्हणून आडनावानं कुणी ओळखलं नाही.

मला नोकरी दिसत होती. भावाची फी दिसत होती. आणि बाहेर अप्पा अंगठ्यावरचा चुना धोतराला पुसायले होते. शाई नीट उमटावी म्हणून. तयारी करत होता माझा बाप. माझ्या सहीसाठी.

मी लिहिलं. हळू, एकेक अक्षर.

ठसा बुटाचा आहे. या मजुराचे पाय अनवाणी होते. दोरी पाहुण्यांनी ओलांडली, मी डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसले. हा मजूर माझा बाप आहे.

खाली सही केली. पूर्ण. मधल्या नावासकट.

साहेबांना वाचून दाखवलं, त्यांच्या हिंदीत. त्यांनी हजेरी वही उघडली. अप्पांच्या नावावर बोट ठेवलं, मग माझ्या सहीवर.

"तुमने झूठ बोला," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "वडील शेती करतात म्हणाले. बापाला मामा म्हणाले. तेवढं खोटं."

"कल से दोनों मत आना."

बाहेर आले. अप्पा घाबरून गेले होते. "काय केलीस गं? कामून लिवलीस? मी आंगठा दिलो असतो की!"

"म्हणूनच," मी म्हणाले. "चला अप्पा."

सात महिन्यांनी बागेत ती हाक मारली. हौदावरचे दोघं मजूर मान वर करून बघायला लागले.

काढून टाकलं तरी आज सकाळी आम्ही दोघं पहिल्या बसनं बागेवर आलो. एकाच सीटवर. आई म्हणाली होती, जाऊ नका, पोलीस बोलावतील. मलाही तेच वाटत होतं. गेटवर वॉचमननं कडी काढली नाही. साहेबांची गाडी आली. काच खाली झाली.

"इसको बोलो, ये तमाशा नहीं चलेगा."

मी एक पाऊल बाजूला झाले. मधे आता कुणी नव्हतं.

"ये मेरे बाप हैं," मी म्हणाले. "हिंदी आती इनको. आपही बोलो."

अप्पांनी मान वर केली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग समोरच्या रस्त्याकडं. काच वर गेली.

उद्या परत जायचंय. त्याच बसनं. साहेबांनी अप्पांशी बोलायचं. अप्पांच्या तोंडाकडं बघून. तोवर मी त्या गेटवरून हलणार नाही, आणि त्यांचा एक शब्दही इकडून तिकडं नेणार नाही.