बावीस पोळ्यांच्या गाई

पालमला स्पर्धा परीक्षेच्या वर्गावर गणित शिकवायला लागून मला जेमतेम महिना झाला होता. वर्गातली निम्मी मुलं माझ्याहून मोठी, पोलीस भरतीची तयारी करणारी. पुढचा अंक ओळखणं हा माझा हातखंडा, आणि नेमकी त्यातच मी तोंडघशी पडले. एक, एक, एक, दोन, तीन, चार, सहा, नऊ; पुढे काय? पुस्तकात उत्तर तेरा होतं, पण तेराच का, ते काही केल्या सुटेना. उद्या सांगते, म्हणाले. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. उद्याही जमलं नाही तर हा वर्ग पुन्हा माझं ऐकणार नव्हता.

एसटीनं गावी आले ती धुमसतच. आबा गोठ्यात आमच्या एकुलत्या एक लाल गाईची धार काढत होते. माझे वडील शाळेची पायरी चढलेले नाहीत. काय झालं, असं त्यांनी विचारलं, तर मी तुसडेपणानं सगळे आकडे म्हणून दाखवले आणि म्हटलं, बघा, येतंय का.

त्यांचे हात थांबले.

"हे तं तुझ्या कालवडीचं हाय, माय."

मी जन्मले त्या साली घरच्या गाईला कालवड झाली होती. आमच्यात अशी कालवड लेकीच्या नावाची धरतात. तिची पुढची सगळी वीणही लेकीचीच. आबांनी समजावलं. पहिले तीन पोळे ती एकटी. चौथ्या पोळ्याला तिला कालवड झाली की दोन. पुढे दरसाल एक, आणि तिच्या लेकीही तशाच तीन वर्षांनी विणार. नऊ गाई असल्या तरी पुढच्या साली त्यांतल्या चारच विण्याजोग्या, त्याच्या तीन साल आधी होत्या तेवढ्याच. नऊ नि चार तेरा.

पुस्तकातला तो कोरडा प्रश्न आमच्या गोठ्यात रवंथ करत उभा होता.

पण आपल्या गाईंना तर गोऱ्हेच झाले, मी म्हटलं. ते खरंच होतं. तरी दर पोळ्याला बैल ओवाळून झाले की आबा मनातल्या मनात पुढचा आकडा धरायचे. कधी कुणाला बोलले नव्हते.

"मग यंदा बाविसाव्या पोळ्याला किती झाल्या?"

"अठराशे त्र्याहत्तर," आबा म्हणाले आणि पुन्हा धार काढू लागले.

मी वही घेऊन पडताळत बसले. पानभर बेरजा झाल्या. एकही चुकलेली नव्हती. आबांकडे मान वर करून बघायचं धाडस मला बराच वेळ झालं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आधी कालवड काढली, मग आकडे मांडले. सगळ्यांना पटलं. काल हसलेल्यानंच विचारलं, "मॅडम, एवढ्या गाई हायत का खरंच कुणाकडं?"

माझ्या वडिलांकडे आहेत, मी सांगितलं. सगळ्या माझ्या नावाच्या.