ओटीतली ट्यूब

लेपकाकूंचा खरा चेहरा आमच्या बिल्डिंगमध्ये फार थोड्या लोकांनी पाहिला होता, आणि त्या थोड्यांत त्यांचे यजमान होते की नाही याबद्दल मला आजही शंका आहे. सकाळी दूधवाल्याला दार उघडायच्या तेव्हा चेहरा पांढरा असे, दुपारी कुरिअरवाल्यासाठी हिरवा, आणि तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावताना काळा कुळकुळीत, कारण कोळशाचा मास्क नेमका त्याच वेळी वाळत असे. एकदा नवीन आलेला सिलिंडरवाला सिलिंडर दारातच ठेवून जिना उतरून गेला, रिकामा न्यायलाही थांबला नाही. दारावरच्या पाटीवर काकूंचं चांगलं ठसठशीत नाव होतं, पण ते फक्त पोस्टमन वापरायचा.

डोंबिवलीला आम्ही समोरासमोर राहायचो. आता ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. मी ठाण्यात भाड्याच्या घरात आहे आणि काका-काकू खडवलीला जाऊन राहिले आहेत. पण त्या मजल्यावरचं पाणी आणि काकूंचे लेप यांचं जे वैर होतं, ते मी विसरणार नाही. नळाला पाणी यायची वेळ ठरलेली, आणि काकूंचा लेप वाळायची वेळही ठरलेली. दोन्ही कधी जुळल्या नाहीत. बेल वाजायची, दारात काकू उभ्या. तोंडाने बोललं तर लेपाला तडे जातील म्हणून त्या हाताने तांब्याची खूण करायच्या. मी मुद्दाम विचारायचे, "काय काकू, साखर हवीय का?" त्या डोळे मोठे करायच्या. डोळ्यांना लेप नसल्यामुळे सगळा राग तिथेच गोळा व्हायचा.

त्यांच्या फ्रिजमध्ये काकांना एक कप्पा होता, बाकीचे चेहऱ्याला. आंबवलेलं तांदळाचं पाणी, काकडीचा रस, कसल्या कसल्या बाटल्या. काकांनी एकदा ते तांदळाचं पाणी मीठ-जिरं घालून पेज म्हणून पिऊन टाकलं. आधी मुलगा मंदार घाबरला, मग मी घाबरले. काकू घाबरल्या नाहीत, चिडल्या. "मी तीन दिवस आंबवत ठेवलेलं ते! पोटाला काय करायचीय चकाकी?" काकांना काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते मला जिन्यात हळूच म्हणाले, "चवीला वाईट नव्हतं गं."

काकूंचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आग होतेय ना? म्हणजे काम करतंय." हे त्या स्वतःला सांगायच्या, मला सांगायच्या, भिशीतल्या बायकांना सांगायच्या. गाल लाल झाले की काम करतंय. कातडी सुटली की जुनी जातेय. पुळ्या आल्या की आतली घाण बाहेर पडतेय. या शास्त्रात अपयशाला जागाच नव्हती. काकांना पित्ताचा त्रास झाला आणि छातीत जळजळ सुरू झाली, तेव्हा तरी त्या हे वाक्य बोलणार नाहीत अशी मला आशा होती. त्या बोलल्या.

हे सगळं ज्ञान मोबाइलमधून आलेलं. कोरियातल्या मुलींचे व्हिडिओ बघत काकू भाजी निवडायच्या. "बघ, काचेसारखं तोंड आहे. एकावर एक थर लावतात त्या." मी म्हणायचे, "काकू, त्यांना मे महिन्यात डोंबिवली स्टेशनपासून भाजीची पिशवी घेऊन चालत यावं लागत नाही." पण काकूंना असल्या किरकोळ गोष्टींत रस नसे. त्या वरच्या थरावर आणखी एक थर चढवायच्या, आणि कपाळावरून घाम निघाला की सगळे थर एकत्र हनुवटीपर्यंत पोचायचे. मी एकदा त्यांच्या बाटल्या नीट पाहिल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रत्येक बाटली आधीच्या बाटलीने केलेलं नुकसान भरून काढायला आणलेली होती. पहिली बाटली कशासाठी होती, ते मात्र तेव्हा मला कळलं नव्हतं.

मग ती ट्यूब आली. मेडिकलवाल्याने दिली, भिशीतल्या कुणीतरी नाव सांगितलेलं. लहानशी, स्वस्त, आणि अगदी जादूची. पंधरवड्यात काकू खरंच उजळल्या. डाग गेले, चेहरा तुकतुकीत झाला. मी टिंगल करायची म्हणून गेले आणि तोंडात मारल्यासारखी परत आले. काकूंनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते चार बोटांच्या ट्यूबमध्ये निघालं होतं. त्याच सुमारास मंदारचं लग्न ठरलं. मुलगी कोलशेतची, श्रुतिका, नोकरी करणारी, हसरी, सावळी. साखरपुड्याला काकूंनी तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, साडी, आणि साडीच्या घडीत ती ट्यूब. वर कानात सांगितलं, "रोज रात्री लाव. लग्नापर्यंत बघ कशी होतेस." श्रुतिकाने मान हलवली. होणाऱ्या सासूने ओटीत घातलेली वस्तू, ती काय नाही म्हणणार? मला ते बघून राग आला होता, पण त्या दिवशी जिलबी फार छान होती आणि मी गप्प बसले.

लग्न महिन्यावर आलं आणि काकूंच्या चेहऱ्याने दगा दिला. गडबडीत दोन-चार दिवस ट्यूब लावायची राहिली, तेवढ्यात सगळं तोंड लाल झालं. सूज, पुळ्या, आणि आग अशी की पंख्याचा वाराही सोसेना. काकू आपलं वाक्य बोलायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. मी त्यांना ओढतच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काकूंनी भाजीच्या पिशवीतून सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या. डॉक्टरीणबाईंना प्रिस्क्रिप्शन लिहायला जागा उरली नाही. त्यांनी त्या गर्दीतून बरोबर ट्यूब उचलली.

"काकू, हे नायट्याचं औषध आहे. यात स्टेरॉइड आहे."

"पण मी उजळले होते हो."

"उजळतंच. कातडी पातळ होते, मग बंद केलं की असं होतं. कुणी दिलं हे?"

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, पुढच्या आठवड्यात परत बोलावलं, आणि बाकीच्या बाटल्या पिशवीत भरायला सांगितल्या. तोंड धुवायला साधं सौम्य फेसवॉश, मग मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. चेहरा शांत होईपर्यंत याशिवाय काही नाही. पावडर नाही, मेकअप नाही, घरगुतीसुद्धा काही नाही. "बरं व्हायला महिने लागतील. आधी थोडं वाढेलही. घाबरू नका."

मला वाटलं काकू रडतील. त्या अपमान झाल्यासारख्या बाहेर पडल्या. "एवढा वेळ नंबर लावून बसलो आणि तीनच गोष्टी? एवढं तर मला मेडिकलवाल्यानेही दिलं असतं." मी म्हटलं, मेडिकलवाल्याने काय दिलं ते दिसतंयच. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्या कठडा धरून उभ्या राहिल्या.

"अगं मीनल, ती श्रुतिका लावत असेल ना गं."

तिथूनच त्यांनी फोन लावला. बोलायचं होतं एक आणि तोंडातून आलं दुसरंच. "ती ट्यूब जास्त नको हं लावूस." पलीकडून आवाज आला तो मलाही ऐकू आला. "नाही काकू, तुम्ही सांगितलंत तशीच लावते, रोज रात्री. सगळे म्हणतात किती उजळलीस." काकूंनी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. मी म्हटलं, मंदारला सांगू या. तर म्हणे, तो लग्नाआधी आईशी भांडेल. काकांना सांगू या. ते लगेच व्याह्यांना फोन करून घोळ घालतील. "लग्नाआधीच सासू सुनेचं तोंड जाळायला निघाली, असं म्हणतील गं. मोडलं लग्न तर?" मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, "आणि नाही सांगितलं तर तिचं हे असं होईल."

दुसऱ्या दिवशी आम्ही कोलशेतला गेलो. रिक्षात काकूंनी साडीवरच तोंडाला ओढणी गुंडाळली होती. मी टोमणे मारायचे विसरले होते, हे मला मोठ्या गृहसंकुलाच्या गेटमध्ये शिरताना जाणवलं. दार श्रुतिकाच्या आईने उघडलं. काकूंनी ओढणी सोडली. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

"मी मंदारची आई."

आत बसल्यावर पाणीसुद्धा प्यायच्या आधी काकू म्हणाल्या, "माझं तोंड बघून घ्या. हे त्या ट्यूबनं झालंय. तीच मी तुमच्या लेकीच्या ओटीत घातली. चूक माझी आहे. तुम्हाला काय बोलायचं ते बोला, पण ती मला परत द्या." कुणाच्याही तोंडून इतकं सरळ बोलणं मी फार कमी वेळा ऐकलं आहे. श्रुतिका आतून आली. तिच्या हनुवटीवर बारीक पुळ्या दिसत होत्या, पावडरीखाली दाबलेल्या. काकूंच्या नजरेतून त्या सुटल्या नाहीत.

श्रुतिकाच्या आईला राग आला होता, तो दिसत होता. पण त्या अडल्या भलत्याच ठिकाणी. "अहो, ओटीत घातलेलं परत कसं द्यायचं? बरं नाही ते."

काकूंनी सरळ पदर पसरला. "मग माझी ओटी भरा तुम्ही. त्यात घाला."

आधी श्रुतिका हसली, मग तिची आई. आतून तांदूळ आले, नारळ आला, हळदीकुंकू आलं, आणि अर्धी संपलेली ट्यूब आली. सगळं रीतसर काकूंच्या पदरात पडलं. मग काकूंनी श्रुतिकाला जवळ बसवून डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला आणि म्हणाल्या, "आजच जा. मी सांगते म्हणून नको, त्या सांगतील तसं कर. माझं काही ऐकू नकोस." परतीच्या रिक्षात त्यांनी ट्यूब उघडून बाहेर पिळायचा प्रयत्न केला. रिक्षावाला ओरडला, तेव्हा पर्समध्ये टाकली.

लग्नात काकू तोंडाला काहीही न लावता उभ्या होत्या. गाल लाल, कपाळाला सालं, आणि कुंकवाऐवजी छोटीशी टिकली. पाहुण्यांनी कुजबुज करायची ती मनसोक्त केली. सूनमुख पाहायची वेळ आली. काकू सुनेशेजारी बसल्या, दोघींच्या समोर आरसा धरला. मेकअपवाली ब्रश घेऊन धावली, फोटोग्राफर म्हणाला, "काकू, एक टच-अप, फोटो कायमचा राहतो." काकूंनी मेकअपवालीचा हात हळूच बाजूला केला. आरशात बघून श्रुतिकाला म्हणाल्या, "छान दिसतेस. आहेस तशी." तिला साखर भरवली, आणि मग हट्टाने आरसा तसाच धरायला लावून फोटो काढून घेतला.

जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसले होते. म्हटलं, "काकू, आज तुम्ही भारी केलंत." त्यांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवली.

"माझ्या सूनमुखाला सासूबाईंनी आरशात पाहिलं," त्या म्हणाल्या, "आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, फोटोत उजळ वाटली होती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दुसऱ्या दिवसापासून बेसन लावायला लागले."