लो-दबार, तालुका रोहा

रोह्यात कुठल्याही रिक्षावाल्याला 'दरबार' म्हणा, तो तुम्हाला आमच्या दारात आणून सोडेल. इथे ना राजा आहे ना हुजरे. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि ओट्यावर मी, साठीला टेकलेली फटकळ बाई. पाटीवर 'लो-दबार' लिहिलंय, पण नीट वाचायला सवड कोणाला? आधी 'लो दरबार' झालं, मग 'लो'ही गळून पडलं. सुधारून सांगून माझं तोंड दुखलं, तेव्हा नाद सोडला.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू. पूर्वी कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. घाणे गेले, मग माणसंही गेली, एकेक घर करून, इस्रायलला. मोठे काका, म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ, गेले तेव्हा मी कडेवर होते. बाबांचे दोन्ही पाय लहानपणी तापात गेलेले. पेणला एका जागी बसून ते रेडिओ दुरुस्त करायचे. काकांनी आजीला नेलं, आजीचं शिलाई मशीनसुद्धा नेलं. बाबांना म्हणाले, "तू आत्ता नको. आधी आम्ही तिथं बस्तान बसवतो, मग तुला बोलावतो. शब्द हाय माझा."

पेणचं घर विकलं गेलं आणि आम्ही रोह्याला आईच्या माहेरच्या या दोन खोल्यांत आलो.

आमच्या शास्त्रात एका लंगड्या राजपुत्राची गोष्ट आहे. त्याचा बाप लढाईत मेला, राज्य दुसऱ्याकडे गेलं, आणि हा दोन्ही पायांनी अधू पोरगा लो-दबार नावाच्या आडगावात परक्याच्या घरी दिवस काढत राहिला. नव्या राजाने त्याच्या बापाला शब्द दिला होता. त्याला तो आठवला, माणसं पाठवून त्याने पोराला आणवलं आणि जन्मभर आपल्या पंक्तीला जेवायला बसवलं. बाबा ही गोष्ट मराठीत वाचायचे. हिब्रूत ते प्रार्थना घडाघडा म्हणत, पण अर्थाच्या नावाने शंखच. आम्ही सगळेच तसे. गावाचं नाव मात्र त्यांच्या मनात बसलं.

पाटी रंगवली त्यांच्या पेणच्या मित्राने. हा गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा, त्यामुळे हात असा की रेघ हलणार नाही. "म्हणजे काय रे हे?" त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "जिथून राजा बोलावून घेतो ते गाव." मित्राने मान डोलावली आणि अक्षरांना सोनेरी कड काढली. पुढे दरवर्षी गणपतीचं काम उरकलं की तो उरलेला रंग घेऊन रोह्याला यायचा आणि पाटी नवी करून जायचा.

बोलावणं आलं की निघायला म्हणून आईने एक ट्रंक कायम भरून ठेवली होती. मग एका उन्हाळ्यात तिने मुकाट्याने त्यात गोधड्या भरल्या. ती वारली तेव्हा त्यात गोधड्याच होत्या. बाबांना मात्र काकांबद्दल कोणी काही बोललेलं खपायचं नाही. "शब्द दिलाय त्यानं," म्हणायचे. मला तिकडची स्थळं आली होती. मी गेले नाही. यात थोरपणा काही नाही, बाबांना आंघोळ कोण घालणार होतं? पण त्या शब्दाचा मला इतका संताप यायचा की कितीदा वाटलं, ती पाटी काढावी आणि बंबात घालावी.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या मुलाचा फोन आला. तिकडेच जन्मलेला, मोडकंतोडकं मराठी. पूर्वजांची गावं बघायला बस भरून माणसं येणार होती, त्यांच्याबरोबर तोही. बाबा ऐंशीच्या पुढचे, अंथरुणाला खिळलेले. म्हणाले, "बोलावणं आलं गो." इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, वर कोट. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा सण, नसताना मला काळ्या मनुकांचं सरबत करायला लावलं.

तो आला. बाबांच्या पाया पडला, मला मृत समुद्राच्या चिखलाची डबी दिली, तोंडाला लावायला. जन्म खाडीकाठी गेलेल्या बाईला चिखल! मग बाहेर जाऊन पाटी अक्षर अक्षर लावत वाचली आणि पोट धरून हसला.

"बाय, याचा अर्थ माहीत हाय? लो म्हणजे नाय. दबार म्हणजे वस्तू, गोष्ट. शब्द पण. तुमच्या घराचं नाव हाय 'काय नाय'!"

आतून बाबांनी विचारलं, "शब्द?"

"हो काका, शब्द. लो दबार, शब्द नाय." तो आत येऊन कॉटवर बसला. "कोणी म्हणतात चारा नाय, गुरांना कुरण नाय. पण नायच."

"आणि गाव कुठं हाय ते? तुमच्या घरापासून लांब?"

त्याने मोबाईल काढून बरंच शोधलं. मग म्हणाला, ते कोणालाच नक्की माहीत नाही. नदीच्या पलीकडे कुठेतरी, दुसऱ्याच देशात. कोणी ही टेकडी दाखवतं, कोणी ती.

बाबांनी सरबताचा पेला खाली ठेवला. "तुझ्या बापानं माझ्यासाठी काय निरोप दिलाय?"

"पप्पांनी शालोम सांगितलंय."

"आणखी?"

तो माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात रस्त्यावरून बसचा हॉर्न वाजला. जाताना त्याने पाटीसकट स्वतःचा फोटो काढला.

संध्याकाळी दिवा लावल्यावर बाबा म्हणाले, "रिक्षावाले दरबार म्हणतात तेच बरं." त्या वर्षी पेणचा मित्र थरथरत्या हाताने रंग घेऊन आला, तर त्याला म्हणाले, "राहू दे रे. रंग कशाला फुकट घालवतोस?" मित्राला काही कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात बाबा गेले. आमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते रोह्यात भरेनात. पेण, अलिबागहून माणसं येईपर्यंत खोळंबून बसलो. तोवर उशाशी बसून होता तो गणपतीचे डोळे काढणारा. माती देऊन परत निघाले तर रिक्षावाल्याने मला विचारलंही नाही, सरळ दरबारला आणून सोडलं.

रात्री काकांचा फोन आला. नव्वदीचा आवाज, हुंदके देत होता. "मी त्याला बोलावणार होतो गो. देवाशपथ बोलावणार होतो. शब्द दिला होता मी त्याला."

"लो दबार," मी म्हणाले.

पन्नासहून जास्त वर्षं ते त्या भाषेत बाजारहाट करतायत. हुंदके थांबले.

"काय म्हणालीस?"

"काही नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.