दामूच्या तेलाचा वास

दामू गेल्याचं कळलं तेव्हा रडू येण्याआधी मला राग आला... कारण निरोप देणाऱ्याने लगेच पुढे सांगितलं, शोकसभेत साहेब बोलणार आहेत. आमचे जुने साहेब! आणि ते बोललेही. "दामू माझ्या हाताखाली तयार झाला." महिना होत आला, ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत आम्ही दोघं रे रोडच्या एका शेडमध्ये केमिस्ट होतो. हलक्या प्रतीच्या मँगनीजमधली वाळू-माती काढायची, हे आमचं काम. खनिजाची भुकटी पाण्यात घालायची, तेल टाकायचं आणि खालून हवा सोडायची. मँगनीज बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतं, वाळू तळाशी राहते. परदेशी तेल मिळेनासं झालं, तेव्हा शिवडीच्या कोळीवाड्यात वाढलेल्या दामूने घरून मुशी माशाचं तेल आणलं, होडीला चोपडतात ते. कॉस्टिक सोड्यात उकळून वापरलं आणि काळाभोर फेस वर आला. साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "लॅबोरेटरी आहे ही, मासळीबाजार नव्हे!" संध्याकाळी हेच गृहस्थ परळच्या सभेत मराठी माणसाच्या हक्कासाठी घसा फोडत. आणि थोड्याच दिवसांत त्यांनी खाणमालकांना सांगून टाकलं, हे तंत्र माझं.

दामू नेहमीसारखा कामावर येत राहिला, पण तो भोळाभाबडा नव्हता, चांगला डूख धरणारा होता. मला त्याचं तेच आवडायचं. भुकटी आधी तांदळासारखी धुऊन चिखल काढावा लागतो, नाहीतर सगळं तेल चिखलच पितो. हे धुणं दामू साहेब यायच्या आत उरकायचा, त्यामुळे साहेबांना त्याचा पत्ताच नव्हता. खाणमालक बघायला आले त्या सकाळी दामूने भुकटी धुतलीच नाही. साहेबांनी ऐटीत हवा सोडली... वर आला नुसता तांबडा चिखल.

"दामू, काय झालं रे हे?"

"तंत्र तुमचं, साहेब. मला काय विचारताय?"

दामूची नोकरी गेली. पुढे जन्मभर तो साबणाच्या कारखान्यात राबला. पस्तावलास का, मी एकदा विचारलं. "साहेबाचं ते तोंड आठवलं की अजून दोन घास जास्त जातात रे," म्हणाला.

शोकसभेनंतर वहिनींनी त्याचा तेलाचा डबा मला दिला. गिरगावातल्या माझ्या खोलीत तो खिडकीत आहे, झाकण मुद्दाम सैल ठेवलंय. शेजारी कुरकुरतात, कुरकुरू देत. साहेबांना अजून ते तंत्र स्वतःचं वाटत असेल, तर त्यांनी यावं आणि डबा घेऊन जावं. फक्त रुमाल न लावता.