झाडून दिलेलं गवत

माझा मामा तबेल्यात मोतद्दार होता. घोड्यांचा खरारा करणं, त्यांना चारापाणी देणं, लीद उपसणं आणि नव्या माणसांना अक्कल शिकवणं, अशी त्याची चार कामं. चौथं काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण तेच तो सगळ्यात मन लावून करायचा. म्हणून घोडेस्वारी शिकायला येणाऱ्या पोरांपासून मालकीणबाईंपर्यंत सगळे त्याला वस्ताद म्हणत.

वस्तादचा एक नियम होता. गवताची पेंढी तो कधी तशीच गव्हाणीत टाकत नसे. घोडा बांधतात त्या ठाणात जाऊन, त्याच्या तोंडासमोर ती सोडवायची आणि दोन्ही हातांनी चांगली झाडायची. खडे, काटे, बुरशीचा एखादा पुंजका, सगळं खाली पडलं की मगच घोड्यापुढे ठेवायची. "पाहुण्याच्या ताटात खडा निघाला तर अब्रू कुणाची जाते?" असं तो विचारायचा. बाकीचे मोतद्दार पेंढी दारातूनच भिरकावत. त्यांना तो आळशी म्हणे, आणि ते होतेच. थंडीत घोड्यांना वारा बाधू नये म्हणून तो सगळ्या खिडक्याही स्वतः फिरून लावून घ्यायचा. वडील गेल्यावर मला या कामाला त्यानेच लावलं, आणि गवत झाडायलाही त्यानेच शिकवलं.

त्याचा सगळा जीव एका घोडीवर होता. तांबूस रंगाची, एकोणीस वर्षांची. मामाशिवाय दुसऱ्या कुणी खरारा हातात घेतला की पाय आपटायची, म्हणून तिचं नाव पडलं बाईसाहेब. दोन वर्षं बाईसाहेबांना खोकला होता. तिसऱ्या वर्षी धाप लागायला लागली. नुसतं उभं असतानाही नाकपुड्या फुलायच्या आणि श्वास सोडताना पोट दोन दोन हिसक्यांनी आत ओढलं जायचं.

मालकीणबाईंनी बोलावलेले जनावरांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, "हा दमा आहे. गवतातली धूळ आणि बुरशीची भुकटी श्वासातून आत जाते, मग श्वासनलिका सुजतात. औषध देतो, पण खरं औषध चारा आहे. अर्धा तास पाण्यात बुडवून, ओला असतानाच द्या. खिडक्या उघड्या ठेवा."

समोर मामा "बरं" म्हणाला. डॉक्टरांची पाठ वळल्यावर म्हणाला, "कालचं पोर. ह्याच्या वयाइतकी वर्षं मी लीद काढली."

तरी तो गवत भिजवू लागला, हे कबूल केलं पाहिजे. पण बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी ते ओलं गवत हुंगलं आणि तोंड फिरवलं. मामाचा जीव तुटला. त्या दुपारी सगळे जेवून लवंडले असताना मी बादल्या आणायला गेले, तर हा ठाणात कोरडी पेंढी झाडत उभा. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धुरळा तरंगत होता आणि त्यातच मान घालून घोडी मिटक्या मारत होती.

"मामा, डॉक्टर नाही म्हणालेत."

"एक पेंढी. तीही झाडून देतोय. सकाळपासून त्या कुजक्या वासाने तिच्या तोंडाची चव गेली असेल," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "तू माझी भाची आहेस की त्याची हेर?"

मी बादल्या उचलल्या आणि निघाले. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला मुद्दाम दुसरीकडे काम काढलं. असं रोज.

तीन आठवड्यांनी डॉक्टर परत आले. बाईसाहेबांच्या नाकातून त्यांनी बारीक कॅमेरा आत सोडला आणि छोट्या पडद्यावर आम्हाला दाखवला. आतली श्वासनळी लालभडक, आणि तिच्यात चिकट शेंबडाचे गोळे. मामा घोडीला धरून उभा होता. त्याला पडद्याकडे बघवेना.

"चारा भिजवूनच देता ना, वस्ताद?"

"तिन्ही वेळा भिजवतो," मामा म्हणाला. खोटं नव्हतं. चौथ्या वेळेचं कुणी विचारलंच नव्हतं. मी शेजारीच होते, तोंडात मिठाची गुळणी धरून.

डॉक्टर मालकीणबाईंना म्हणाले, "एवढी काळजी घेऊनही उतार नाही, म्हणजे पुढे आशा कमी. औषध वाढवलं तर त्याचा त्रास खुरांना होतो, घोडं उभं राहू शकत नाही. तिला असं गुदमरत ठेवू नये. मी शनिवारी येतो. इंजेक्शन देऊन शांतपणे कायमचं झोपवू." मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि मान हलवली.

मी मामाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. मी धावत डॉक्टरांच्या गाडीशी गेले. "तिला रोज कोरडं गवत मिळतंय," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

मामा मागोमाग आला. "ती नाही, मी देतो. एकच पेंढी," तो म्हणाला. "पण स्वच्छ झाडून देतो, डॉक्टर. सगळी धूळ काढून."

डॉक्टर रागावले नाहीत. "झाडल्यावर ती धूळ जाते कुठे, वस्ताद?"

पस्तीस वर्षं घोड्यांच्या नाकासमोर झाडलेल्या पेंढ्या मामाला दिसत असाव्यात. कारण तो तिथेच, गाडीच्या चाकाजवळ, खाली बसला.

शनिवार टळला. आणखी एक महिना मिळाला. मामाने स्वतःहून ते ठाण माझ्याकडे दिलं. "बाकीच्या घोड्यांच्या गवताची धूळ माझ्या कपड्यांत असते," म्हणाला, आणि तेव्हापासून तो दाराबाहेरच थांबायचा. मी भिजवलेलंच गवत दिलं. चार दिवस रुसून बाईसाहेब ते खाऊ लागल्या. फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नव्हती, पोरांना पाठीवर घेणं आता संपलं होतं, पण महिनाअखेरीस मी श्वास मोजले तर मिनिटाला सोळा भरले. आधी चाळीस असायचे. मी मामाला हाक मारली. त्यानेही बाहेरूनच मोजले, दोनदा.

मग म्हणाला, "तू पहिल्या दिवसापासून बघत होतीस."

"हो."

"मग डॉक्टरला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

तो घोडीच्या कुशीकडे बघत राहिला. कूस संथ हलत होती. "म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून ती तीन आठवडे धापा टाकत होती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. "मला डॉक्टरचं पटलं नव्हतं, पोरी. तुला तर पटलं होतं."