घाईत शिजवलेले दात

चूक माझीच होती. मी बोललो.

पिंपळे सौदागरच्या त्या दातांच्या दवाखान्यात आम्हा कवळ्या बनवणाऱ्या लॅबवाल्यांनी बोलायचं नसतं. चपलांच्या रॅकपाशी उभं राहायचं, दातांचा डबा काउंटरवरच्या ताईंच्या हातात द्यायचा, काही दुरुस्ती सांगितली तर ऐकायची आणि निघायचं. बारा वर्षं मी हे नीट पाळलं. बायकोसमोर राहून राहून गप्प बसायची सवय होतीच, फार कष्ट पडले नाहीत.

त्या दिवशी खुर्चीवर एक आजी होत्या. चाकणजवळच्या गावातल्या, तोंडात एकही दात नाही. त्यांच्यासाठी मी मेणावर रचलेले दात घेऊन गेलो होतो. पक्के करण्याआधी ते एकदा तोंडात बसवून बघतात. दार अर्धं उघडं होतं. डॉक्टरांनी दात बसवले. आजींनी आरसा घेतला, ओठ इकडून तिकडून ताणले आणि एकदम हसल्या.

"आगं बया! म्याच हाय का ही? कुणी केलं रं हे दात?"

आणि मी, पन्नाशीचा, पोट सुटलेला गृहस्थ, दारातून मान आत घालून म्हणालो, "मी केले, आजी."

शाळेत बक्षीस घेतानासुद्धा माझा चेहरा एवढा फुलला नसेल. बक्षीस कधी मिळालं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. काउंटरकडे तोंड करून म्हणाले, "ह्याला आत कुणी घेतलं? कसला घाण वास येतोय ह्याच्या अंगाला. बाहेर उभा करा." मग आजींना, अगदी मऊ आवाजात, "हा डिलिव्हरीवाला आहे, आजी. आपलं सगळं परदेशी मशीनवर होतं."

बाहेरची खोली पेशंटांनी भरलेली होती. दोन बायकांनी पदर नाकाला लावला. मी रॅकपाशी गेलो आणि स्वतःचाच शर्ट हुंगून बघितला. वास होता. खोटं कशाला बोलू? कवळीचा गुलाबी, हिरडीसारखा भाग आम्ही अॅक्रिलिकचा करतो, एक पावडर आणि एक पातळ औषध कालवून. त्या औषधाचा वास डोक्यात जातो. अंघोळीने जात नाही. माझ्या घरात देवघरातही तोच वास आहे.

आतून आजींच्या मुलाचा आवाज आला. "मशीनवर व्हतंय तर आजच द्या की, डॉक्टर. परवा पोरीचं लगीन हाय. म्हातारीला फोटोत हसायचंय."

डॉक्टर अडकले. माझ्या एका वाक्याने त्यांना त्या मशीनची थाप मारावी लागली होती, आता ते चालवूनही दाखवायचं होतं. मेणाचे दात स्वतः बाहेर आणून त्यांनी माझ्या हातात कोंबले.

"सहाला पाहिजेत."

"सर, नऊ तास लागतात. मंद पाण्यात..."

"बीडीएस तू केलंय का मी? उकळत्यात टाक, अर्ध्या तासात काढ. जमत नसेल तर आत्ताच सांग. दुसरे लॅबवाले लाइनीत उभे आहेत."

माझ्या लॅबचं निम्म्याहून जास्त काम ह्या एका दवाखान्याचं. लॅब म्हणजे थेरगावात, डांगे चौकाच्या मागे, घराचीच पुढची खोली. मी म्हणालो, "जमेल, सर."

हे 'जमेल' म्हणजे काय, ते सांगतो. मेणाचे दात पितळी साच्यात प्लास्टरमध्ये पुरायचे. मेण वितळवून काढायचं. त्या पोकळीत अॅक्रिलिकचं पीठ भरायचं, साचा दाबून आवळायचा आणि पाण्यात ठेवायचा. पाणी गरम, पण उकळतं नाही. नऊ तास. औषध पावडरीत पुरतं मुरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. एकदम उकळलं तर ते आतल्या आत उसळतं, बुडबुडे धरतात. लवकर काढलं तर कच्चं राहतं. ते कच्चं औषध मग माणसाच्या तोंडात उतरतं. हिरड्या सोलून काढतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. माझी बायको सुमन माझ्याबरोबर हेच काम करते, तिलाही ठाऊक होतं. आम्ही भांड्याला उकळी आणली. अर्ध्या तासाने साचा काढून नळाखाली धरला. दात बाहेर आले तर मागच्या जाड भागात बुडबुडे. मी त्यावर एवढं पॉलिश मारलं की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. बघवलं नाही.

सहाला डबा पोचवला.

पाचव्या दिवशी फोन आला. "ताबडतोब ये."

त्या दिवशी मला आत बोलावलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. आजी त्याच खुर्चीवर. ओठ सुजलेले, गालाच्या आत पांढरे चट्टे. लग्नात त्या तोंडावर पदर धरून बसल्या होत्या म्हणे. चार दिवस नुसत्या ताकावर.

डॉक्टर म्हणाले, "सांग आजींना. कुणाची चूक?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. न लाजता. चपलांच्या रॅकपाशी उभा राहणारा माणूस काय बोलणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी हात जोडले. "चुकलो, आजी."

आजी म्हणाल्या, "त्वांडात निस्ती आग हाय रं. म्या काय केलं व्हतं तुझं?"

डॉक्टर आजींच्या मुलाला म्हणाले, "बघा. ही अशी अडाणी माणसं. पोटासाठी काहीही करतात." मुलगा माझ्या अंगावर आला. डॉक्टरांनीच त्याला धरलं. वर माझ्यावर उपकार.

मशीन कुठे गेलं, ते कुणी विचारलं नाही.

तोंड बरं झाल्यावर आजींचं नव्याने माप घेतलं, नवी जोडी माझ्याकडेच आली. ह्या वेळी पहाटे साचा पाण्यात ठेवला आणि शेजारी स्टूल टाकून बसलो. कामाला उठलो की परत येऊन बसायचो. नऊ तास थर्मामीटर बघत राहिलं की माणसाला स्वतःपासून पळता येत नाही. दात छान बसले की डॉक्टरांचे. तोंड भाजलं की माझे. बारा वर्षं हीच वाटणी, आणि मी तिला धंद्याची रीत समजून खाली बघत आलो. पण हात जोडले ते कुणाच्या वतीने? आणि आग झाली ती कुणाच्या तोंडात?

नवे दात घेऊन गेलो. ताईंच्या हातात डबा दिला नाही. सरळ आत गेलो. शूराचा वगैरे काही आव नव्हता.

"आजी, त्या दिवशी मी खोटं बोललो. हे दात नऊ तास शिजवावे लागतात. मी अर्ध्या तासात काढले. घाई डॉक्टरांची होती. भीती माझी होती. कच्चे आहेत हे कळूनही मी दिले. आणि मशीनबिशीन काही नाही. मी आणि माझी बायको, आम्ही करतो."

डॉक्टर लालेलाल. "उद्यापासून इथं दिसायचं नाही. आणि इथंच काय, कुठल्याच दवाखान्यात तुला काम मिळणार नाही, बघतो मी."

मला वाटलं होतं, आजी तरी चांगलं बोलतील.

"मंग तवाच का न्हाई बोलला?"

मी डबा आजींच्या हातात ठेवला आणि रॅकवरच्या चपला घातल्या.

आठवड्यात आणखी दोन दवाखान्यांनी काम बंद केलं. निगडीतला एक राहिला आणि चिखलीतला एक. पाण्याच्या भांड्यात एक साचा असतो, जिथे सहा असायचे. लेकीने विचारलं, "पप्पा, लॅब बंद करणार?" मी म्हणालो, "नाही गं, सुट्टी चालू आहे." ती हसली नाही.

काम सुटलं त्या दिवशी दवाखान्यातून आलो तेव्हा सुमनला सगळं सांगितलं होतं. शब्दन् शब्द. सांगताना थोडा ताठही झालो असेन. ती दात घासत होती, म्हणजे गिऱ्हाइकाचे, पॉलिशच्या चाकावर. तिने चाक बंद केलं.

"भीती माझी होती, म्हणालात. एकट्याची?" ती म्हणाली. "दात उकळत्यात टाकले तेव्हा घड्याळ मी बघत होते. अजून थांबा, म्हणायला मला तोंड होतं. म्हटलं नाही. आजींच्या पुढे तुम्ही तुमचं कबूल केलंत, माझं तसंच राहिलं. ह्यापुढे घाईचा फोन आला की माझ्याकडे द्यायचा. नऊ तास लागतात, हे मी सांगणार. आणि रविवारी चाकणची बस धरायची. त्या म्हातारीचं तोंड मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."